दहा किलोच्या पटीत

भुसावळकडून आलात तर वाघूरच्या पुलाआधी,
डाव्या हाताला आमचा काटा.
पाटीवर 'धर्मकाटा' रंगवलंय,
खाली मालकाचा नंबर, तोही बंद पडलेला.
चौदा वर्षं मी खिडकीत बसून आकडे वाचतो.

दीपनगरहून राख येते.
राख म्हणजे फुंकरीने उडावी अशी वस्तू,
पण बंद टाकीत भरून आली की
काट्याची लोखंडी पाटं कण्हतात,
लाल आकडे थोडा वेळ थरथरतात
आणि थांबतात.
सावद्याची केळी येते, जळगावची डाळ,
गुजरातकडची फरशी.
फरशीवाले काट्याकडे बघतही नाहीत.

मर्यादा वाढली तेव्हा
चावदस भंगाळेंनी पेढे वाटले होते.
सहा गाड्या, सगळ्या दहाचाकी.
कायद्यानेच तीन टन जास्त!
वर्षभरात कळलं, सगळ्यांच्याच गाडीत तीन टन जास्त,
माल मात्र होता तेवढाच,
आणि टनाचा भाव उतरला.
"आता त्याच्याहीवर भरलं
तरच पहिल्याइतकं सुटते," ते म्हणाले,
"मी नाही भरलं, तर मांगचा उभाच आहे."

बांधकाम खात्याच्या झांबरे मॅडम आल्या एकदा.
बूट हातात घेऊन पुलाखाली उतरल्या,
वर येऊन माझ्याकडे पाणी मागितलं.
म्हणाल्या, धुरीवरचं वजन दुप्पट झालं
तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही,
सोळापट होते.
मी पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं.
दोन, चार, आठ, सोळा.
भंगाळे म्हणाले, मग धुऱ्या वाढवू द्या, वजनाले कायले अडवता?
वाढवा की, मॅडम म्हणाल्या.
"टायर कोन देईन?"
यावर दोघंही पुलाकडे बघत राहिले.

रमजान तडवी, पालचा,
तिथेच चहा फुंकत उभा होता.
त्याला कोणी विचारलं नव्हतं.
"तुमचं वजन कागदावर असते," तो म्हणाला,
"माह्यं ब्रेकवर.
घाट उतरताना ड्रम तापला
की केबिनीत जळका वास येते.
तवा नं, घरच्यांची नावं घेतो मी,
लहान्यापासून."

मी दोन पावत्या देतो, हे सगळ्यांना माहीत आहे.
एक खरी, व्यापाऱ्यासाठी.
एक रस्त्यासाठी, बसेल तेवढ्याची.
पहिलीवर माल विकला जातो, दुसरीवर गाडी निघते.
सही दोन्हींवर माझीच,
एकाच वळणाची.

परवा रात्री दीडला रमजान आला,
टाकी गळ्यापर्यंत भरलेली.
"पावती नको," म्हणाला, "खरं किती ते फक्त सांग."
एक्केचाळीस टन दोनशे साठ.
तो खाली उतरला, माझ्या खिडकीपाशी आला.
गाडी काट्यावरच होती.
मी आकडा पुन्हा पाहिला:
एक्केचाळीस दोनशे.
"मी एवढाच?"
दहाच्या पटीत दाखवतं, मी म्हटलं,
तीन-चार किलो इकडेतिकडे.
तो हसला. मग हसायचा थांबला
आणि बराच वेळ पुलाच्या दिशेने बघत राहिला.
"राख परत नाही नेता येत, नाही?"
मी काही बोललो नाही.
तो चढला. साठ किलो परत आले.

पहिल्या गिअरमध्ये गेला.
पुलाच्या सांध्यांवरून चाकं जाताना
मी मोजत होतो,
आणि मध्येच कधीतरी चुकलो,
मागून फरशीवाला हॉर्न देत गेला म्हणून.
पलीकडचा लाल दिवा दिसला तेव्हा कळलं
की मीही कुणाची तरी नावं घेत होतो.

आत येऊन पाहिलं तर
रिकाम्या काट्यावर वीस किलो.
बटण दाबून शून्य करता येतं.
रोज तेच करतो.
त्या रात्री मात्र झाडू घेऊन बाहेर गेलो.
पाटांच्या फटीत, कडांना, सगळीकडे
राख होती, मऊ, अजून कोमट.
उजाडेपर्यंत झाडत होतो.
दहावर आला आकडा,
त्याखाली काही येईना.